कोरडे मास्तर

"हलू नका मास्तर. तुम्ही हललात की रेघ हलते."

"हलली तर बिघडलं काय सिस्टर? जखम जरा मोठी दिसेल, एवढंच ना?"

"मी इथं चित्रकलेच्या परीक्षेला बसलेले नाही. पाय धरा."

मास्तरांनी स्वतःचाच पाय दोन्ही हातांनी धरला. डावा पाय स्टुलावर, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, आणि घोट्याच्या चार बोटं वर, आतल्या बाजूला, ती. तिच्यावर सिस्टरांनी चौकोन छापलेला पारदर्शक कागद ठेवला होता आणि बारीक टोकाचं पेन घेऊन त्या तिच्या कडेकडेने चालल्या होत्या. दर महिन्याला त्या अशी रेघ काढत, रेघेच्या आतले चौकोन मोजत, खाली तारीख टाकत आणि कागद मास्तरांच्या फायलीत लावत. नऊ वर्षांचे शंभरावर कागद त्या फायलीत होते. ओळीने पाहिले तर ते एखाद्या बेटाचे नकाशे वाटत. भरती आली, ओहोटी आली, बेट जागच्या जागी.

आज त्या रेघेकडे एक तरुण डॉक्टरीणबाईही वाकून पाहत होत्या. नवीन उपचाराच्या चाचणीसाठी त्यांना जुन्या, हट्टी, भरायचं नाव न घेणाऱ्या जखमा हव्या होत्या. सिस्टरांनी विचार न करता मास्तरांचं नाव सांगितलं होतं. शाळेत हुशार मुलाचं नाव सांगतात तसं.

"साडेबारा चौकोन," सिस्टर म्हणाल्या.

"दहाच्या वर पाहिजे होते. बसता तुम्ही काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मास्तरांचा चेहरा उजळला. त्यांच्या घरात कुणी कशात बसल्याला बरीच वर्षं झाली होती.

मास्तर सार्वजनिक जलतरण तलावावर पोहायला शिकवत. नोकरीला लागले तेव्हापासून रोज सकाळी, फाटक उघडण्याआधी, ते एकटे पंधरा फुटांच्या बाजूला उडी मारत, तळाशी जात आणि एका फरशीला हात लावून वर येत. निळ्या फरश्यांमध्ये ती एकच हिरवी होती. बांधताना निळ्या कमी पडल्या असणार आणि ठेकेदाराने खोलात कोण बघतंय अशा विचाराने हाताला लागली ती बसवली असणार. त्याचा हिशेब एका माणसाने चुकला. मास्तर तिला हात लावण्याला हजेरी म्हणत. खरी हजेरी नंतर ऑफिसात सही करून लागायची, पण ती साहेबांसाठी.

नऊ वर्षांपूर्वी असेच वर येताना लोखंडी शिडीच्या खालच्या पायरीचा बोल्ट त्यांच्या घोट्याला लागला. खरचटलं. मास्तरांनी त्यावर थुंकी लावली. वर्षानुवर्षं काठावर उभं राहून पायाच्या शिरा फुगलेल्या होत्या, रक्त खाली उतरायचं ते वर चढायला तयार नसायचं. खरचटलेलं चिघळलं आणि मग भरेचना. तलावाच्या फाटकावर पाटी होती, 'उघडी जखम असणाऱ्यांनी पाण्यात उतरू नये.' ती मास्तरांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली होती. बोटाला चिकटपट्टी लावून आलेल्या माणसालाही ते त्या पाटीसमोर उभं करून परत पाठवत. त्यामुळे एके सकाळी ते फाटकातून आत आले, पाटी वाचली आणि स्वतःला परत पाठवलं. म्हणजे पाण्यातून काठावर. तेव्हापासून ते काठावरच होते.

हातात लांब बांबू घेऊन ते काठाने चालत. बुडू पाहणाऱ्यासमोर बांबू धरत. हात कसा मारायचा ते बाकावर पालथं झोपून दाखवत. नवीन मुलांनी त्यांना कधी ओलं पाहिलं नव्हतं, म्हणून मुलं त्यांना 'कोरडे मास्तर' म्हणत. एका पालकाने तर अर्ज केला, की सदर शिक्षकांना पोहता येत असल्याची खात्री करावी. ऑफिसने तत्परतेने मास्तरांकडे पोहता येत असल्याचा दाखला मागितला. असा दाखला देण्याचा अधिकार आख्ख्या ऑफिसात एकाच माणसाला होता. मास्तरांनी स्वतःची परीक्षा घेतली, स्वतःला उत्तीर्ण केलं, खाली सही ठोकली आणि दाखला सादर केला. ऑफिसने तो फायलीला लावून विषय संपवला. ऑफिसचं समाधान करणं नेहमीच सोपं असतं.

अवघड होतं ते निराळंच. तलावाची खोल बाजू बुजवायची असं वरून ठरलं होतं. खोल पाणी धोक्याचं. सगळीकडे सारखं चार फूट, वर रंगीत घसरगुंड्या, आणि चालू हंगाम संपला की काम सुरू. मास्तरांची बदली पाणीपट्टी विभागात होणार होती. पाण्याशी संबंध तुटू नये एवढी काळजी साहेबांनी घेतली होती.

हंगाम संपायला पाच महिने होते. डॉक्टरीणबाईंच्या उपचाराला तीन महिने लागणार होते. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदाच एखादं गणित दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा ते सुटलं.

"म्हणजे करणार काय नक्की?" संध्याकाळी बायकोने विचारलं. ती ओट्यापाशी पीठ मळत होती आणि मास्तर दारात स्टूल घेऊन बसले होते.

"पोटावरची चरबी काढणार थोडी."

"पोटावरची? जखम पायाला आहे ना?"

"ऐक तर. त्या चरबीत मूलपेशी असतात. स्टेम सेल. त्या वेगळ्या करून तीन आठवडे वाढवणार आणि मग मलमासारख्या जखमेवर पसरणार."

"आणि त्या काय करणार?"

मास्तरांनी डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवून पाहिलं. "त्या पेशींचं अजून काही ठरलेलं नसतं. आपण कोण व्हायचं, काय करायचं. जिथं नेऊन ठेवू तिथलं काम बघून कामाला लागतात. आजूबाजूच्यांनाही कामाला लावतात."

"ठरलेलं नसतं? मग आपल्या धाकट्यालाच नेऊन ठेवा ना तिच्यावर. पंचवीस वर्षं झाली, कुठं तरी कामाला लागेल."

'ती' म्हणजे जखम. बायको तिला सवत म्हणे. सवतीला आवडत नाही म्हणून मास्तर जास्त चालत नसत, सवतीला भिजलेलं चालत नाही म्हणून डाव्या पायावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून, वर-खाली दोन रबर लावून अंघोळीला बसत. पोहायला शिकवणारा माणूस नऊ वर्षं एक पाय पिशवीत घालून बादलीतल्या पाण्याने अंघोळ करत होता. रबर लावायचं काम बायकोचं. मास्तरांनी लावलेले सुटत.

"खात्री आहे का पण?"

"खात्री असती तर चाचणी कशाला केली असती?"

"हे तुमचं की डॉक्टरचं?"

"डॉक्टरचं."

"वाटलंच. तुम्हाला खात्री आहे." तिने परात बाजूला सरकवली. "बरी व्हायला हवीच ती. झोपेत पाय मारता तुम्ही. तो पाय आजारी असला तरी मला चांगला लागतो."

"मी? कधी?"

"रोज. आधी दोन्ही पाय मारता, मग एकदम शांत. मला वाटतं, पोचले वाटतं तळाला."

 हिरव्या फरशीबद्दल मास्तरांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला एकदाच, लग्न झाल्यावर लगेच, आणि तेव्हा ती हसली होती. ती विसरली असेल असं ते तीस वर्षं धरून चालले होते.

चाचणीत घेण्याआधी चौदा दिवस नुसतं पाहणार होते. एकोणीस पानांच्या संमतीपत्रावर मास्तरांनी एकोणीस सह्या केल्या. डॉक्टरीणबाई प्रत्येक पान भरभर वाचून दाखवत होत्या आणि मास्तर मान डोलावत पुढच्या पानाची वाट पाहत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "काका, या चौदा दिवसांत वेगळं काही करायचं नाही. नेहमीसारखंच राहायचं."

नेमकं हेच वाक्य मास्तर स्वतः तीस वर्षं स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात मुलांना सांगत आले होते. वेगळं काही करू नका, नेहमीसारखं राहा. जो मुलगा ते ऐकून खरंच नेहमीसारखा राही तो हरत असे. जो घरी जाऊन गुपचूप सराव करी त्याची निवड होई. हे वाक्य बोलण्यासाठी असतं, पाळण्यासाठी नसतं, हे मास्तरांना पक्कं माहीत होतं.

त्यांनी चौदा दिवसांची रजा टाकली. पलंगावर तीन उशांची चळत रचली आणि पाय तिच्यावर ठेवला, हृदयाच्या वर, सिस्टर नऊ वर्षं सांगत होत्या तसा. घट्ट पट्टी बोटांपासून गुडघ्यापर्यंत बांधली. खाज सुटली तरी सैल केली नाही. तंबाखूची डबी बायकोच्या हातात दिली. रोज दोन अंडी खाल्ली. दर तासाला घोटा वर-खाली वीस वेळा हलवला, आणि तो हलवताना तोंडाने शिट्टी वाजवली, कारण शिट्टीशिवाय त्यांना व्यायाम करता येत नसे.

"नऊ वर्षं सिस्टर कानीकपाळी ओरडत होत्या, तेव्हा हे कुठं गेलं होतं?" बायकोने विचारलं.

"तेव्हा निवड नव्हती."

"काय?"

"कशासाठी तरी निवड असली की माणूस करतो. नुसतं बरं वाटावं म्हणून कोण करतं?"

 बायकोने डबी पिठाच्या डब्यामागे ठेवली.

आठव्या दिवशी ड्रेसिंग बदलताना सिस्टर जरा जास्त वेळ वाकून राहिल्या. मग सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, काय करताय घरी?"

"काही नाही. नेहमीसारखं."

"हं," सिस्टर म्हणाल्या. त्या 'हं'मध्ये काळजी होती. मास्तरांना ती शाबासकी वाटली.

पंधराव्या दिवशी पुन्हा स्टूल, पुन्हा पारदर्शक कागद. डॉक्टरीणबाई यायच्या होत्या. सिस्टरांनी कागद ठेवला, पेनाचं टोपण काढलं आणि थांबल्या.

"मास्तर, तुम्ही संमतीपत्राचं अकरावं पान वाचलंत का?"

"सही केलीय."

"ते मला माहीत आहे. त्यात लिहिलंय, चौदा दिवसांत जखम पाव हिश्श्याहून जास्त कमी झाली तर त्या माणसाला चाचणीत घेत नाहीत."

"का?"

"कारण ती साध्या उपचारानेच भरतेय. मग नंतर भरली ती मूलपेशींनी भरली की पट्टीने, हे त्यांना कसं कळणार?"

मास्तरांनी जखमेकडे पाहिलं. नऊ वर्षांत त्यांनी तिच्याकडे नीट असं कधी पाहिलं नव्हतं. कडा आत सरकल्या होत्या. भोवती नव्या कातडीची गुलाबी किनार आली होती, तान्ह्या मुलाच्या ओठासारखी पातळ. मधलं पिवळं जाऊन लालसर दाणे उगवले होते. ती भरत होती. कुणी न विचारता, अगदी मन लावून.

"किती झाली असेल?" त्यांनी विचारलं.

"मोजल्याशिवाय कसं सांगू? पण नऊच्या आत जाईल."

साडेबाराचा पाव हिस्सा कमी म्हणजे साडेनऊच्या जरासं खाली. हे गणितही मास्तरांनी दोनदा केलं.

"सिस्टर."

"बोला."

"ही गुलाबी किनार आहे ना. रेघ हिच्या बाहेरून काढली तर?"

"किनार म्हणजे कातडी. कातडी जखमेत मोजत नाहीत."

"जरा जाड पेन घेतलं तर?"

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं नाही. "मास्तर, नऊ वर्षं रेघ मी आतून काढतेय. आज बाहेरून काढली तर मागच्या शंभर खोट्या होतील."

"कुणाला कळणार आहे?"

"मला." मग त्यांचा आवाज जरा चढला. "आणि एक सांगा, सव्वीस वर्षं या खोलीत पाय धुतेय मी लोकांचे. उशी घ्या म्हणून सांगते, कुणी घेत नाही. पट्टी सोडू नका म्हणते, घरी जाऊन सोडतात. भरलेली जखम मला कुणी दाखवायला येत नाही. भरली की लोक येतच नाहीत. आज पहिल्यांदा माझ्या डोळ्यांदेखत एक भरतेय, आणि तिचा मालक मयताला आल्यासारखं तोंड करून बसलाय!"

मास्तर खाली पाहत राहिले. मग त्यांनी दोन्ही हातांनी पाय घट्ट धरला, म्हणजे रेघ हलणार नाही.

पावणेनऊ चौकोन.

डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहिला, जुना कागद नव्यावर ठेवून उजेडात धरला आणि मनापासून हळहळल्या. "काका, तुमची जखम आमच्या चाचणीच्या मानाने फार चांगली भरतेय हो."

"पुन्हा बिघडवली तर?" मास्तर म्हणाले. "महिनाभर उभा राहतो. पुढच्या वेळी घ्या."

डॉक्टरीणबाई हसल्या. मग तो विनोद नव्हता हे लक्षात येऊन हसायच्या थांबल्या. "पुढची तुकडी वर्षाने आहे काका. तोवर ही अशीच सांभाळलीत तर तुम्हाला आमची गरजच लागणार नाही. मात्र वेळ लागेल."

"किती?"

"वय, शिरा... सहा महिने. सात."

हंगामाचे साडेचार उरले होते.

मास्तर कामावर परतले. जखम पुन्हा बिघडवायची तर काही करावं लागणार नव्हतं, नुसतं उभं राहिलं की झालं. पण दुसऱ्याच दिवशी सिस्टर तलावाच्या फाटकात हजर झाल्या. पाटी वाचून त्या आत आल्या, बांबू घेऊन उभ्या असलेल्या मास्तरांकडे त्यांनी पाहिलं आणि तिकीट-खिडकीच्या माणसाला त्याच्या खुर्चीवरून उठवलं. खुर्ची काठावर आणली. समोर दुसरी ठेवली.

"बसा. पाय हिच्यावर."

"सिस्टर, मुलं हसतील."

"हसू देत. बसा!"

मुलं हसली. कोरडे मास्तर आता आडवे मास्तर झाले. दोन खुर्च्यांवर पसरून, बांबू मांडीवर घेऊन ते हात-पाय मारायला शिकवत. पण दर महिन्याला बेट आकसत गेलं. सात. सव्वापाच. साडेतीन. दोन. सिस्टर आता कागद फायलीत लावण्याआधी शेजारच्या खोलीतल्या नर्सांना दाखवून येत. मास्तर प्रत्येक वेळी एकच विचारत, "अजून किती?" आणि सिस्टर प्रत्येक वेळी सांगत, "घाई केलीत की बिघडेल." मास्तरांना ते पटे. शिकाऊ मुलांना तेही हेच सांगत. मुलं ऐकत नसत आणि नाकातोंडात पाणी घेत.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी सकाळी ती पाऊण चौकोन होती. चिंचोक्याएवढी.

"तीन आठवडे," सिस्टर म्हणाल्या. "फार तर चार. यापुढे पाणी लागलं तर मात्र मी तुमचा पाय हातात धरायची नाही. सांगून ठेवते."

संध्याकाळी पाच वाजता मास्तरांनी शेवटची शिट्टी वाजवली. मुलं बाहेर आली, ओले पाय उमटवत गेली. तिकीट-खिडकी बंद झाली. मागे राहिले मास्तर आणि पंपवाला. पंपवाला त्यांच्याइतकाच जुना. पाणी भरणं, सोडणं, औषध टाकणं ही त्याची कामं. तो व्हॉल्व्हची मोठी चावी खांद्यावर टाकून आला.

"काय मास्तर, सोडायचं का?"

"सोड."

पंपवाला हलला नाही. त्याने पाण्याकडे पाहिलं. वारा पडला होता आणि पंधरा फुटांच्या बाजूला पाणी इतकं स्थिर होतं, की तळाच्या फरश्यांच्या रेघा मोजता येत होत्या. लांब, खाली, कोपऱ्याच्या जाळीजवळ एक हिरवट डाग होता.

"मास्तर, मारा की एक उडी."

"जखम आहे."

"एवढीशी? आता कुणाला लागणार आहे ती? उद्या सगळं गटारातच जायचंय. मी पाठ करून बसतो, म्हणाल तर."

हे खरं होतं. पाटी लोकांसाठी होती, आणि लोक गेले होते. मास्तर खुर्चीवरून उठले. शर्टाची वरची दोन बटणं त्यांनी काढली. उडी मारायच्या दगडावर जाऊन उभे राहिले तेव्हा तळव्यांना तो दगड ओळखीचा लागला. पंपवाल्याने खरंच पाठ केली.

साडेबारा चौकोन असते तर मास्तरांनी उडी मारली असती. त्यात गमावण्यासारखं काही नव्हतं. पाऊण चौकोनाची मात्र अडचण होती. पाऊण चौकोनामागे तीन उशा होत्या, पिठाच्या डब्यामागची डबी होती, आणि शेजारच्या खोलीत कागद दाखवायला जाणाऱ्या सिस्टर होत्या. भरत आलेल्या जखमेने त्यांना एकदा चाचणीतून काढलं होतं. आता ती त्यांना पाण्यातून काढत होती.

चष्मा ठेवायला त्यांनी पँटच्या खिशात हात घातला. हाताला काहीतरी चुरचुरलं. प्लॅस्टिकची पिशवी होती, नीट घडी घातलेली, आणि तिच्याभोवती गुंडाळलेले दोन रबर. सकाळी बायकोने डबा भरून दिला होता, पँटला इस्त्री केली होती, आणि शेवटच्या दिवसाबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं.

मास्तर दगडावर उभ्या उभ्या हसले. पंधरा फूट खोल पाण्यात ती पिशवी पहिल्या हाताबरोबरच निघून गेली असती, हे बायकोला कळत नव्हतं. तिला पोहता येत नव्हतं.

"झाली का उडी?" पंपवाल्याने पाठमोऱ्यानेच विचारलं. "आवाज नाही आला."

"चावी आण इकडे."

व्हॉल्व्ह मास्तरांनी स्वतः फिरवला. जमिनीखाली कुठेतरी घशात घोट अडकल्यासारखा आवाज झाला आणि पाणी जायला लागलं. पहिला तासभर काहीच कळलं नाही. मग शिडीची एक पायरी कोरडी झाली. ते घरी गेले.

घरी बायकोने आधी त्यांच्या केसांकडे पाहिलं. मग पँटच्या खिशाकडे. मग म्हणाली, "हात धुऊन घ्या, वाढते."

दुसऱ्या दिवशी दुपारी तलाव रिकामा होता. बुजवणारी माणसं सोमवारी येणार होती. भिंतींवर, काठाच्या वीतभर खाली, सगळीकडून एक पांढरट रेघ फिरली होती. इतकी वर्षं पाणी जिथवर असायचं तिथे. शिडी अधांतरी लोंबत होती आणि तिच्या खालच्या पायरीचा बोल्ट मास्तरांना काठावरून दिसला. करंगळीच्या नखाएवढा होता. एवढ्याशा गोष्टीने नऊ वर्षं खाल्ली यावर त्यांचा विश्वास बसेना.

त्यांनी बूट काढले. तळ अजून ओला होता, म्हणून डाव्या पायावर पिशवी चढवली आणि दोन्ही रबर लावले. उथळ बाजूच्या पायऱ्यांनी ते खाली उतरले आणि उताराने चालू लागले. पिशवी प्रत्येक पावलाला चुरचुरत होती. आधी भिंतीवरची रेघ त्यांच्या छातीशी आली. मग खांद्याशी, मग हनुवटीशी. ती नाकाशी आली तेव्हा मास्तरांनी छाती भरून श्वास घेतला आणि पुढचं पाऊल टाकलं.

खाली ऊन वाकडं पडलं होतं. सगळं ओळखीचं होतं, फक्त प्रत्येक गोष्टीला वजन आलं होतं. हातांना, पायांना, कोपऱ्यातल्या जाळीला. जाळीजवळ ते खाली बसले.

ती फरशी हिरवी नव्हती, पिवळी होती. साधी, स्वयंपाकघराच्या ओट्याला लावतात तशी पिवळी. हिरवेपणा पाण्याचा होता आणि तो पाण्याबरोबर गेला होता.

त्यांनी तिच्यावर तळहात ठेवला. ती उन्हाने कोमट झाली होती.

"मास्तर!" काठावरून पंपवाला ओरडला. "काय सापडलं?"

मास्तरांनी वर पाहिलं. नुसता हात वर केला. मग उठले आणि आले त्याच उताराने, सावकाश, परत चालू लागले. पंपवाल्याने पुन्हा हाक मारली. ते चालत राहिले. रेघ कपाळावरून नाकाशी आली, नाकावरून हनुवटीशी, आणि डोकं तिच्या वर आलं तेव्हा मास्तरांनी श्वास सोडला.

"काही नाही," ते म्हणाले. "आहे जागेवर."